नेम, शिस्त आणि निगा

मराठीत बंदुकीविषयी बोलायला बसले की चार-पाच भाषा एकदम कानावर येतात. बंदूक अरबीतून आली, तोफ तुर्कीतून, दारू आणि दस्ता फारसीतून, काडतूस पोर्तुगीजांकडून, रायफल इंग्रजांकडून. गोळी आणि नळी मात्र घरच्या. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राजव्यवहारकोशात शस्त्रांसाठी एक स्वतंत्र वर्ग आहे आणि परक्या शब्दांना तिथे संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तरीही बंदूक आणि तोफ मराठी माणसाच्या तोंडून गेल्या नाहीत. जे शब्द वस्तूबरोबर येतात आणि वस्तूबरोबर हाताळले जातात, ते भाषेत घट्ट बसतात.

हे शब्द तपासायला मी एकच रायफल समोर ठेवतो. ती म्हणजे ली-एनफिल्ड, आपली ‘थ्री नॉट थ्री’. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या हाती हीच होती आणि नंतर कित्येक दशके पोलिसांच्या खांद्यावरही हीच राहिली. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंड अशा देशांत आज हौशी लोक तिथल्या कायद्याप्रमाणे ही जुनी लष्करी रायफल विकत घेतात, तिची डागडुजी करतात आणि मैदानावर चालवतात.

आधी तिचे नाव पाहू. यातला ‘ली’ म्हणजे जेम्स पॅरिस ली. स्कॉटलंडात १८३१ साली जन्मलेला आणि लहानपणीच कॅनडात गेलेला हा कारागीर. रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, आणि काडतुसांची पेटी ही त्याची रचना. ‘एनफिल्ड’ हे लंडनच्या उत्तरेचे गाव, जिथे ब्रिटिश सरकारचा बंदुकांचा कारखाना होता. दोन्ही नावे १८९५ साली जोडली गेली. पुढे १९०७ साली जे आखूड नळीचे ‘मार्क ३’ रूप आले, तेच बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही घडू लागले. एनफिल्ड गावाचे नाव आपल्या रस्त्यांवरही रोज धावते. इंग्लंडातल्या रेडिच इथली एक सायकल कंपनी एनफिल्डच्या कारखान्याला सुटे भाग पुरवत असे, त्यावरून तिने ‘रॉयल एनफिल्ड’ हे नाव घेतले. तिच्या मोटरसायकलीचे नाव ‘बुलेट’ म्हणजे गोळी. बुलेटवरून जाणारा मराठी तरुण नकळत दोन शब्द बंदुकीच्या कारखान्यातलेच घेऊन फिरत असतो.

‘थ्री नॉट थ्री’मधला ‘नॉट’ म्हणजे शून्य. नळीचा आतला व्यास ०.३०३ इंच, साधारण ७.७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. या व्यासाला इंग्रजीत ‘बोर’ म्हणतात आणि आपल्या शस्त्रपरवान्यांच्या भाषेतही तोच शब्द राहिला आहे. भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोर आहे, म्हणजे सामान्य नागरिकाला तो बाळगता येत नाही. त्यामुळे इशापूरने याच रचनेवर .३१५ बोरची नागरी रायफल बनवली. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. खऱ्या थ्री नॉट थ्रीचा खासगी छंद म्हणूनच देशाबाहेर फुलला आहे.

आता बंदूक. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझल नावाच्या झाडाचे गोल, टणक फळ. ग्रीक लोक त्याला काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रदेशाचे फळ म्हणत, त्यातून हा अरबी शब्द आला. पुढे तसल्याच आकाराच्या मातीच्या वा शिशाच्या गोळीला ‘बुंदुक’ म्हणू लागले आणि शेवटी ती गोळी उडवणाऱ्या हत्याराला. तुर्की ‘तोप’चेही तसेच झाले. तोप म्हणजे चेंडू, गोळा, मग गोळा फेकणारी तोफ. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा म्हणजे तोफेच्या दरवाजाचा वाडा. आपला तोफखाना त्याच घराण्यातला. मराठीने मात्र गोळी आणि गोळा हे संस्कृत ‘गोल’वरून आलेले शब्द उडणाऱ्या वस्तूसाठीच ठेवले आणि हत्याराची नावे बाहेरून घेतली.

दारूची हकिकत याहून सुंदर आहे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. कोळसा, गंधक आणि सोरा यांची पूड वैद्याच्या चूर्णासारखी कुटून, चाळून, मोजून करावी लागे, म्हणून तीही दारू. चिनी भाषेतही या पुडीचे नाव ‘अग्निऔषध’ अशाच अर्थाचे आहे. मराठीत दारूगोळ्यातली दारू, शोभेची दारू आणि पिण्याची दारू अशा तिन्ही नांदतात. औषध हा मूळ अर्थ तेवढा मावळला.

काडतूस पोर्तुगीज ‘कार्तुशू’वरून आले आणि त्याच्या मुळाशी कागदाची गुंडाळी आहे. जुन्या बंदुकीत दारू आणि गोळी कागदात वळून दिली जाई, शिपाई तो कागद दाताने फाडून दारू नळीत ओती. १८५७च्या उठावाला निमित्त झालेली काडतुसे अशीच होती, आणि ज्या बंदुकीची ती होती तीही एनफिल्डच, १८५३ सालच्या नमुन्याची. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसात कागदाचा मागमूस नाही, त्याचे कवच पितळेचे आहे. शब्दात मात्र कागद टिकून आहे.

त्या १८५३च्या एनफिल्डला दारू तोंडातून ठासावी लागे. आपल्या कोकणात शेतीच्या रक्षणासाठी ठेवलेल्या ‘ठासणीच्या बंदुकी’चे नाव त्याच क्रियेवरून पडले आहे. त्याआधीची तोड्याची बंदूक जळत्या वातीवर उडे, आणि मधली चकमकीची बंदूक गारगोटीच्या ठिणगीवर. चकमक तुर्कीतून आली. त्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ आघात करून ठिणगी पाडणे असा आहे. आज वर्तमानपत्रात पोलिसांची चकमक उडते, तेव्हा ती गारगोटीच मथळ्यात असते. ‘फैर झाडणे’ यातली फैर म्हणजे इंग्रजी ‘फायर’. आणि मुलांच्या दिवाळीतल्या पिस्तुलाची केप म्हणजे ठिणगी देणाऱ्या टोपीचे इंग्रजी नाव ‘कॅप’.

‘रायफल’ हा शब्द मुळात क्रियापद होता. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या धातूचा अर्थ ओरखडणे, खाचा पाडणे. नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. अशा बंदुकीला आधी ‘खाचा पाडलेली बंदूक’ म्हणत, पुढे त्यातली बंदूक गळाली आणि खाचाच उरल्या. ली-एनफिल्डच्या नळीत सामान्यतः अशा पाच खाचा असतात आणि त्या डावीकडे वळत जातात. या रायफलीचा जीव त्या खाचांत आहे. म्हणून जुनी रायफल विकत घेताना जाणकार आधी बोल्ट काढतो आणि नळीतून उजेडाकडे पाहतो. खाचांच्या कडा धारदार आहेत का, मध्ये गंजाचे खड्डे आहेत का, हे पाहिल्याशिवाय तो लाकडाच्या झळाळीकडे वळत नाही.

या पाहण्यावरून मराठीतला एक मोठा शब्द आठवतो, तो म्हणजे ‘निगा’. फारसीत ‘निगाह’ म्हणजे नजर. आपण निगा राखणे म्हणतो, ते मुळात नजर ठेवणे आहे. रायफलीच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. बोल्टवर कोरलेला क्रमांक आणि रायफलीच्या अंगावरचा क्रमांक एकच आहे ना, हे आधी पाहायचे, कारण प्रत्येक बोल्ट कारखान्यात त्या त्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो. बोल्ट बंद असताना काडतुसाच्या बुडामागे किती फट राहते, हे मापाच्या ठोकळ्याने तपासायचे. ‘नंबर ४’ या नंतरच्या रूपात तर बोल्टचे डोके बदलता येते आणि त्यावर ०, १, २, ३ असे लांबीचे आकडे असतात. फट जास्त राहिली तर पितळेचे कवच फाटू शकते आणि तप्त वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो.

गोळ्या झाडून झाल्यावर खरी निगा सुरू होते. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत असे रसायन असे की ते जळल्यावर नळीत क्षार उरतो. तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि नळी गंजते. नुसत्या तेलाने क्षार जात नाही, तो पाण्यातच विरघळतो. म्हणून शिपाई फनेल लावून नळीतून उकळते पाणी ओतत, मग नळी कोरडी करून तेल देत. जुनी काडतुसे वापरणारे हौशी लोक आजही हेच करतात. दस्त्याच्या बुडाशी पितळेची छोटी झडप असते. तिच्या आत तेलाची कुपी आणि एका टोकाला पितळी वजन लावलेली दोरी ठेवलेली असते. ही दोरी नळीतून ओढायची, म्हणून तिचे इंग्रजी नाव ‘पुल थ्रू’. आपल्या फौजेच्या बोलीत त्याचे ‘फुलथ्रू’ झाले. तिच्या फासात अडकवायचा चार इंच लांब, दोन इंच रुंद कापडाचा तुकडा म्हणजे ‘चिंदी’, आपली चिंधी. एनसीसीत रायफल साफ केलेल्या मुला-मुलींना हे दोन शब्द नक्की आठवतील. लाकडाला जवसाचे तेल हाताने चोळायचे, थर पातळ ठेवायचे आणि मधे सुकायला वेळ द्यायचा. ‘दस्ता’ हा शब्दही फारसी ‘दस्त’ म्हणजे हात यावरून आलेला आहे. जिथे हात लागतो तो दस्ता, आणि हाताच्या उबेनेच त्यात तेल मुरते.

रायफल धनुष्याची वारस आहे, हे तिच्या शब्दांवरून कळते. बोटाने ओढायचा तो चाप, आणि संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. ‘सज्ज’ हा शब्द ‘सज्य’वरून आला, म्हणजे ज्याला ‘ज्या’ अर्थात प्रत्यंचा चढवलेली आहे असे धनुष्य. तिसरा शब्द शिस्त, आणि माझ्या मते तो या साऱ्यांत मोलाचा आहे. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा आणि धनुर्धाऱ्याने दोरी ओढताना अंगठ्यात घालायचे कडे. त्यावरून शस्त म्हणजे नेम. जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे, आणि लष्कराच्या हिंदीत ‘शिस्त लेना’ आजही त्याच अर्थाने वापरतात. मराठीने हा शब्द पुढे नेला. नेमाची रेषा सरळ असते, म्हणून शिस्त म्हणजे सरळ ओळ, मग व्यवस्था, मग वागण्याचे वळण. शाळेच्या फळ्यावर ‘शिस्त पाळा’ असे लिहिताना धनुर्धाऱ्याचा अंगठा कोणाच्या मनात नसतो, पण शब्दात तो आहे.

‘नेम’ने याच्या नेमका उलटा प्रवास केला. तो संस्कृत ‘नियम’चा मराठी अवतार. नेमधर्म, नेमाने पूजा करणे, पावसाचा काही नेम नसणे, यांत तो नियमच आहे. त्यातूनच नेमका आणि नेमस्त आले. हाच शब्द बंदुकीकडे गेला आणि नेम धरणे, नेम चुकणे असे प्रयोग रुळले. एक शब्द नियमातून लक्ष्याकडे गेला, दुसरा लक्ष्यातून नियमाकडे आला, आणि दोघे मराठीत भेटले. लक्ष्य साधणे आणि नियम पाळणे यांना एकमेकांचे शब्द देणाऱ्या भाषेला शस्त्राचे मर्म कळलेले होते, असे मला वाटते.

हौशी माणसाकडे पाहिले की हे पटते. ‘हौस’ मूळ अरबी ‘हवस’वरून आली. हिंदीत हवस म्हणजे वासना. मराठीत तिची धग गेली आणि उमेद राहिली. शस्त्राच्या बाबतीत हा फरक केवळ भाषेचा राहत नाही. शस्त्राची हवस धोकादायक असते. हौस मात्र कुलपाच्या कपाटापासून सुरू होते. काडतुसे वेगळी ठेवायची, हातात घेतल्याबरोबर बोल्ट उघडून नळी रिकामी आहे का ते पाहायचे, नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळवायचे नाही आणि ठरल्या मैदानाबाहेर चाप ओढायचा नाही. एवढे ज्याला रोज जमत नाही, त्याने जुनी रायफल पुस्तकात पाहावी. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे बाहेर काढून पुसून पूजतात. त्या परंपरेतही पूजेआधी पुसणे आहे.

या शब्दांची एक बाजू अजून नीट टिपली गेलेली नाही. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीचे भाग, बेळगावच्या मराठा पलटणीत शिकवणीच्या वेळी वापरले जाणारे शब्द, जुन्या पोलीस शस्त्रागारातल्या कारागिरांची बोली, यांतले बरेच फक्त बोलणाऱ्यांच्या तोंडी आहे आणि बोलणारे वयस्कर होत आहेत. तुमच्या घरात निवृत्त सैनिक, पोलीस वा परवानाधारक शेतकरी असेल, तर त्यांना बंदुकीच्या एकेका भागाचे नाव विचारा, ते कसे वापरतात ते वाक्यासह लिहून घ्या आणि गावाचे नाव व तारीख घाला. शब्दांनाही निगा लागते.