तागाला फुलं आली की शेतकरी तो गाडून का टाकतात?

पावसाळ्यात पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातून जाताना मध्येच एखादं पिवळ्याधमक फुलांचं, माणसाच्या उंचीचं शेत दिसतं. अनेक जण मोहरी समजून रील काढतात. आठवड्यानं त्याच रस्त्यानं परत या, तर तिथं नुसती नांगरट. पीक गेलं कुठे? मातीत, आणि तेही मुद्दाम.

हा ताग. काही भागात याला बोरू म्हणतात. (भूगोलाच्या पुस्तकातला, पोती बनवायचा बंगालचा ताग वेगळा. नाव एक असल्यानं घोळ होतो.) आपला हिरवळीचा ताग शेंगवर्गीय, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या भावकीतला. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. झाड गाडलं की तो नत्र आणि सगळा पालापाचोळा जमिनीला मिळतो. पीक चांगलं वाढलं तर हेक्टरी साधारण ६० ते ९० किलो नत्र मिळतो असं मानलं जातं. चोपण किंवा पाणी साचणाऱ्या रानात तागाऐवजी धैंचा पेरतात, कारण तो तिथंही तग धरतो.

मग फुलं येईपर्यंत का थांबायचं?

पेरणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी फुलं दिसू लागतात. तेव्हा पाला भरपूर असतो आणि खोडही कोवळं असतं, त्यामुळे ते लवकर कुजतं. आणखी थांबलात तर खोडात वाख तयार होतो. दोर वळतात तोच हा वाख. तो सहजासहजी कुजत नाही. उलट तो कुजवताना जिवाणू जमिनीतलाच नत्र वापरतात आणि पुढचं पीक काही दिवस पिवळं पडतं. खत म्हणून पेरलं आणि वर युरिया टाकायची वेळ आली, असं होतं ते यामुळेच.

पण खरी गोची पुढे आहे. ज्या आठवड्यात ताग गाडायचा, त्याच आठवड्यात त्यावर मधमाश्या आणि काळे भुंगे यायला लागतात. त्यांच्यासाठी ताट वाढायचं आणि लगेच उचलायचं! यावर सोपा तोडगा म्हणजे बांधालगतच्या दोन-चार ओळी उभ्या ठेवायच्या. यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. तागाच्या पाकळ्या होडीसारख्या मिटलेल्या असतात आणि मोठा, वजनदार कीटक बसला तरच नीट उघडतात. भुंगे आले नाहीत तर शेंगा फारशा भरत नाहीत. ओळी राखल्या तर पुढच्या वर्षीचं बियाणं घरचंच होऊ शकतं. फक्त त्या ओळींवर कीटकनाशकाचा फवारा जाऊ देऊ नका.

फुलं आली म्हणजे सगळे मित्रकीटक येणार, असंही नाही. मावा खाणारे ढालकिडे, किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी चिमुकली ट्रायकोग्रामा यांना तागाचं मिटलेलं फूल फारसं कामाचं नाही. त्यांच्यासाठी चवळी बरी. चवळीला फुलांबाहेरही गोड रस पाझरतो. शिवाय तिच्यावर मावा येतो आणि त्यामागे ढालकिडे येतात. कपाशीच्या कडेनं चवळी लावतात ती यासाठीच. फुलावर सोडलेली कोथिंबीर आणि बडीशेपही चालते, त्यांची फुलं उघडी आणि बारीक असतात.

एवढं चांगलं आहे तर सगळे का करत नाहीत?

कारण पावसाळ्यातले दोन महिने जातात. बागायतदाराला ते परवडतं. जूनमध्ये ताग, ऑगस्टमध्ये गाडला, ऑक्टोबरमध्ये पूर्वहंगामी ऊस. जिरायती शेतकऱ्याचा मात्र खरीप हाच वर्षाचा पगार. त्याला ‘दोन महिने रान खताला द्या’ सांगणं सोपं, करणं अवघड. त्यात गाडल्यावर पावसानं दडी मारली तर ताग कोरड्या मातीत तसाच पडून राहतो. म्हणून काही जण कपाशीच्या दोन ओळींमध्ये ताग पेरतात आणि कोवळा असतानाच कापून तिथंच अंथरतात. काही जण बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला वापरतात. त्यानं जागा अडत नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या गुलाबी फुलांवर माश्यांची गर्दी असते.

गच्चीवर कुंड्या असतील तर रिकाम्या कुंडीत मूठभर चवळी टाकून बघा. कळ्या दिसल्या की कापून तुकडे करा, मातीत मिसळा, ओल टिकवा आणि दोनेक आठवड्यांनी रोप लावा. एक वेल मात्र राहू द्या.