वाई : शरदारंभीचे हवामान

सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कृष्णेकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसलेले. सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे इथले हवामान समजून घ्यायचे, तर आधी पश्चिमेकडे पाहावे लागते. रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाईला हजाराच्या आतच. नैर्ऋत्येचे वारे आपले बहुतेक पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर टाकतात, खोऱ्यात उतरताना तापतात आणि ढग विरतात. म्हणून वाईत लख्ख ऊन पडलेले असताना पसरणीच्या घाटाचा माथा ढगात बुडालेला असतो.

नदीचे पाणी मात्र वरच्या पावसाचे. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावून जोरच्या खोऱ्यातून धोमला येते. गावात थेंब नसताना घाटाच्या पायऱ्या बुडाल्याचे वाईकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. अठराव्या शतकात रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत याची उत्तम साक्ष देते. ती माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. ज्याने ती रचली त्याला हे खोरे नीट कळले होते. धोम धरण झाल्यापासून घाटावरच्या पाण्याची चढउतार बरीचशी धरणातून किती विसर्ग होतो त्यावर ठरते.

आश्विन लागता लागता वारा पडतो. दुपारी ऊन चांगलेच भाजते. हीच ‘ऑक्टोबर हीट’. ओल्या जमिनीची वाफ वर चढते, चारच्या सुमारास ढग दाटतात आणि गडगडाटासह तास-दीड तास सर कोसळते. जुन्या हिशेबात हा हस्ताचा, पुढे चित्राचा पाऊस. तो पश्चिमेकडूनच येईल असे नाही, पूर्वेकडूनही चढतो. त्यामुळे डोंगराचा आडोसा त्याला लागू पडत नाही. आकाश निरभ्र असेल त्या रात्री उतारांवरची गार हवा तळाशी साचते. पहाटे नदीवर आणि मळ्यांवर धुके बसते, हळदीच्या रुंद पानांवरून दव निथळते आणि उन्हे वर आली की तासाभरात सगळे कोरडे होते. सकाळी स्वेटर आणि दुपारी छत्री, तीही उन्हासाठी, असे हे दिवस.

वार्षिक सरासरीपेक्षा हे दोन-तीन आठवडे शेतकऱ्याला अधिक मोलाचे, कारण एकच सर एका रानात हवी असते आणि शेजारच्या रानात नको. सोयाबीन काढणीला आलेले असते. कापून टाकलेल्या पिकावर पाऊस झाला तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात, काळवंडलेल्या मालाला भाव मिळत नाही. हळदीला हीच ओल मानवते, पण सरीत पाणी तुंबले की कंद कुजतो. आणि जिरायती रानात रब्बीच्या ज्वारीची सारी भिस्त याच पावसावर असते.

मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात या भागातून माघार घेतो. त्यानंतर वाफसा आला की राहिलेली ज्वारीची पेरणी उरकून घेतात. वर पाचगणी-महाबळेश्वरकडे तोवर स्ट्रॉबेरीच्या लागवडी होत आलेल्या असतात.