बँडचं नाव कुठून आणायचं?

पलूसच्या आमच्या पोरांनी बँड काढलाय. नाव इंग्रजी हवं म्हणतात. हरकत नाही. अमेरिकेतल्या ‘द डोअर्स’ने नाव घेतलं ऑल्डस हक्सलीच्या 1954 च्या पुस्तकावरून, आणि हक्सलीने ते उचललं विल्यम ब्लेक या कवीकडून. ‘स्टेपनवुल्फ’ ही तर हर्मन हेसेची कादंबरीच. म्हणजे रॉकवाले वाचत होते.

मग आपण काय वाचतो? 2002 च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यात तरुण गायला उभे राहिले, त्यांनी नाव घेतलं कबीर कला मंच. कबीर म्हणजे बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी एक. 2018 मध्ये चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ मंचावर आला. रॉक, रॅप आणि वस्तीतला गाना एकत्र. नावामागे पंडित अयोथी दास यांचा ‘जातिविरहित तमिळ’ हा विचार. नाव इंग्रजी, मूळ मात्र आपलंच!

आणि वाटेगाव तर शेजारच्या वाळवा तालुक्यात. तिथल्या अण्णा भाऊंनी 1944 मध्ये अमर शेख, गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक काढलं. गणातला गणपती काढून मायभूमीला वंदन केलं. 1959 ची ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

पोरांनी मला सात नावांची यादी दाखवली. ‘फकिरा’ त्यात नव्हतं.