हनुसंधीची कहाणी : चरकापासून वऱ्हाडातील पानठेल्यापर्यंत

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी उभे केले. याच संस्थेच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. या मंडळाने आणि महाराष्ट्रातील असंख्य आखाड्यांनी ज्याचे नाव घेतले, त्या देवाच्या नावातच एक जुनी दुखापत दडलेली आहे. ‘हनु’ म्हणजे जबडा. वाल्मीकि रामायणाच्या किष्किंधाकांडात जांबवान मारुतीला त्याच्या बालपणाची आठवण करून देतो : इंद्राच्या वज्राने डावी हनु भंगली आणि त्यावरून ‘हनुमान’ हे नाव पडले. (त्या इंद्राच्या राजधानीचे नावही अमरावतीच. योगायोगच, पण वऱ्हाडी माणसाने मिशीत हसावे असा.)

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले की जो सांधा हलताना जाणवतो, तो हनुसंधी. तोंड उघडताना तो आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढे सरकतो. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेसारखी एक चकती असते. शिवाय डावा आणि उजवा असे दोन्ही सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्याने एकाला सोडून दुसरा हलू शकत नाही. इतक्या गुंतागुंतीच्या सांध्यावर मनाचा ताण उतरतो, हे मराठी भाषेने फार पूर्वी टिपले आहे. माणूस संतापला की दातओठ खातो, भ्यायला की त्याची दातखीळ बसते.

प्राचीन वैद्यांनी या सांध्याचा विचार बारकाईने केला होता. सुश्रुताने ‘हनुमोक्ष’ हा विकार दातांच्या आठ रोगांत गणला. वाग्भटाने जबडा सरकण्याची जी कारणे दिली, ती आजही ओळखीची वाटतात : जीभ अति खरवडणे, सुके पदार्थ चावणे आणि मार लागणे. तोंड उघडे राहून मिटत नाही किंवा मिटून उघडत नाही, या दोन्ही अवस्था त्याने सांगितल्या. चरकसंहितेतील उपचार तर हाताने करून दाखवावा इतका स्पष्ट आहे. आधी शेक द्यावा, मग अंगठ्यांनी हनु दाबून तर्जनींनी हनुवटी वर उचलावी. जबडा ताठरला असेल, तर शेकून तो हलकेच वाकवावा. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्येही अंगठे तोंडात आणि बोटे हनुवटीखाली ठेवण्याची जवळजवळ हीच कृती आढळते. आजचा शल्यविशारदही निखळलेला जबडा याच पद्धतीने बसवतो. गावोगावचे हाडवैद्य आणि आखाड्यातील उस्ताद निखळलेले सांधे बसवत, ते हातांच्या अशाच विद्येवर.

निखळलेल्या जबड्याचे उत्तर असे लवकर सापडले. रोजच्या दुखणाऱ्या जबड्याने मात्र आधुनिक वैद्यकालाही बराच काळ चकवले. १९३४ मध्ये सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून असे मांडले की, दाढा पडल्याने सांध्यावर दाब येतो आणि त्यातून कानाच्या व डोक्याच्या वेदना उद्भवतात. या कल्पनेच्या प्रभावाखाली कित्येकांचे चांगले दात घासून ‘चावा’ दुरुस्त करण्यात आला. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी वेगळी दिशा दाखवली. ताणामुळे दात आवळण्याची सवय लागते, त्यातून स्नायू थकतात आणि दुखू लागतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. तरीही १९८० च्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकत्या बसवण्याची लाट आली. त्यांचे कण सुटून आसपासचे हाड झिजू लागले आणि १९९० च्या सुमारास त्या बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. ज्यांच्या जबड्यात त्या बसल्या होत्या, त्यांतील अनेकांचे दुखणे मूळच्याहून भयंकर झाले.

एवढ्या वळणानंतर वैद्यक पुन्हा सौम्य उपायांकडे आले. बहुतेकांना शेक, काही दिवस मऊ आहार, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार आणि जबड्याचे हलके व्यायाम यांनी आराम पडतो. झोपेत दात खाणाऱ्यांच्या दातांचे रक्षण रात्री घालायच्या पट्टीने होते. दिवसा ओठ मिटलेले पण दात विलग ठेवण्याची सवय लावावी लागते. घास चावताना आणि गिळताना सोडले, तर वरच्या-खालच्या दातांनी एकमेकांना टेकायचे कारणच नसते.

अमरावती-अकोल्याकडे मात्र ‘तोंड उघडत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा दुसरेच कारण असते, आणि ते ओळखण्यात चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून जो खर्रा तयार होतो, त्यातील सुपारी गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतुमय पट्टे निर्माण करते. गाल कडक, पांढुरके होतात, तिखटाने आग होते आणि तोंड हळूहळू मिटत जाते. सांधा येथे निर्दोष असतो. १९५२ मध्ये केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ यांनी हा विकार नोंदवला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. शेकाने किंवा मालिशीने ती हटत नाही. हाडवैद्याने जोर लावून असे तोंड उघडण्याचा प्रयत्न केला, तर इजाच होते.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. खर्रा मात्र कारखान्यात बनत नाही, तो गिऱ्हाइकासमोर हाताने घोटला जातो. म्हणून विदर्भातील दंतवैद्य जबडा दुखतो म्हणून आलेल्या तरुणाला आधी सुपारीबद्दल विचारतात आणि त्याचीच तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगतात. तीन बोटे जात नसतील, तर कारण सांध्यात आहे की गालात, हे तपासावे लागते. गालात पट्टे हाताला लागले, तर पहिला उपचार सुपारी त्याच दिवशी बंद करणे हा असतो. पुढे औषधे, तोंडाचे व्यायाम, प्रसंगी शस्त्रक्रिया आणि वर्षानुवर्षे नियमित तपासणी. एकदा घट्ट झालेले अस्तर पूर्ववत मऊ होणे फार अवघड असते.