चिखलातली पकड : टायरच्या साखळीपासून धानाच्या बांधीपर्यंत

१/ बर्फाळ देशांत हिवाळा आला की ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांवर पोलादी साखळ्या चढवल्या जातात. नागपूरजवळच्या कन्हानला बर्फ पडत नाही. परंतु आषाढात पारशिवनी, रामटेक, मौदा या भागांतील धानाच्या बांध्यांत उतरणाऱ्या ट्रॅक्टरांना लोखंडी पिंजऱ्यासारखी चाके, म्हणजे केजव्हील, जोडलेली दिसतात. साखळी आणि पिंजरा ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. आजचा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/ प्रश्न पकडीचा आहे. इंजिन कितीही बलवान असले, तरी चाकाला जमीन धरता आली नाही तर ते जागच्या जागी फिरत राहते. बर्फावर घर्षण अपुरे पडते. चिखलाचे दुखणे निराळे : टायरवरील उंच रबरी पट्ट्यांमधल्या खाचा चिकण मातीने भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि मग चाक पुढे जाण्याऐवजी खाली उतरू लागते.

३/ कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये कामठीची लष्करी छावणी वसली. त्या काळी काळ्या मातीच्या वाटा पावसात चाकाला मानवत नसत. बंजाऱ्यांचे तांडे तर गाडीवाचूनच, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून माल नेत. बांधीतली चिखलणी बैलांच्या नाहीतर हेल्यांच्या जोडीने होई. जनावराचा दुभंगलेला खूर टेकताना पसरतो आणि उचलताना मिटतो. अशी सोय चाकाला नव्हती. ती माणसाला शोधावी लागली.

४/ रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८६७ मध्ये रस्त्यावर चालणारे वाफेचे इंजिन तयार केले. त्याच्या चाकांवर जाड भरीव रबर होते आणि रबरावर पोलादी पट्ट्यांची साखळी. पुढे विद्युत अभियंता म्हणून नावाजलेले क्रॉम्प्टन तेव्हा हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते. १८७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी अशी इंजिने पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर चालवली. म्हणजे साखळी ल्यालेले रबरी चाक आपल्या देशाने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले होते.

५/ पण पकडीसोबत एक भांडणही आले. मऊ जमिनीत रुतून धरणारे चाक पक्का रस्ता उखडते. ब्रिटनमध्ये १८६१ च्या कायद्यानेच अशा इंजिनांच्या चाकांची रुंदी आणि त्यांचा पृष्ठभाग यांवर अटी घातल्या होत्या. शेत आणि रस्ता यांच्या मागण्या एकमेकींविरुद्ध जातात, हे इथूनच स्पष्ट होते.

६/ १९०४ हे साल या इतिहासात दोनदा येते. न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड यांना मोटारीच्या टायरवर बसणाऱ्या साखळीचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्ट यांनी भुसभुशीत जमिनीत रुतणाऱ्या वाफेच्या ट्रॅक्टरची चाके काढून त्या जागी अखंड फिरते पट्टे बसवले. वीड यांची साखळी काम झाल्यावर काढता येत होती, होल्ट यांचा पट्टा मात्र यंत्राचाच भाग झाला. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

७/ पट्ट्याचे ट्रॅक्टर आपल्या भागाच्या इतिहासातही येतात. काँस या खोल मुळांच्या गवताने मध्य भारतातील मोठाले पट्टे पडीक झाले होते. ते नांगरून काढण्यासाठी १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. आरंभी महायुद्धातून उरलेले लष्करी ट्रॅक्टर कामाला लावले गेले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलर कर्ज दिले. ते भारताला या बँकेकडून मिळालेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी एक होते. कामाचा मोठा भाग ज्या प्रांतात झाला, त्या तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती.

८/ मग धानाच्या बांधीत पट्ट्याचा ट्रॅक्टर का रुळला नाही? बांधी लहान, भोवती धुरे, आणि यंत्र महाग व अवजड. शिवाय शेतकऱ्याचा ट्रॅक्टर सकाळी चिखलात, तर दुपारी ट्रॉली जोडून रस्त्यावर असतो. अमेरिकेत १९३२ पासून ट्रॅक्टरवर हवा भरलेले रबरी टायर आले, तेही याच दुहेरी आयुष्याला सोयीचे म्हणून टिकले. अशा ट्रॅक्टरला हवी होती ती काढता-घालता येणारी पकड.

९/ साखळी बसवण्याची रीत पाहा. ती सपाट जागी पीळ काढून पसरतात, टायरवर ओढतात, ट्रॅक्टर किंचित पुढे घेऊन आधी आतली कडी लावतात, मग बाहेरची. थोडे अंतर चालवून पुन्हा ताणतात. शिडीसारखी साधी साखळी ट्रॅक्टरला मात्र पुरत नाही, कारण तिचे आडवे पदर टायरच्या खाचांत पडून निरुपयोगी होतात. म्हणून पदर एकमेकांना जोडून जाळीसारखी वीण करतात.

१०/ केजव्हील मागच्या चाकाला बाहेरून बोल्टने जोडतात, किंवा टायर काढून पूर्ण लोखंडी चाकच बसवतात. त्याचे कोन मातीत शिरून धरतात. मधली जागा मोकळी असल्याने चिखल गळून पडतो. वर चिखलणीचे कामही होते, आणि रोवणीसाठी बांधी लवकर तयार होते.

११/ या पकडीला धोकाही आहे. मागची चाके खोल रुतून अडली आणि चालकाने जोर वाढवला, तर चाकांऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरू लागतो. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे चालकाच्या अंगावर उलटतो. सावरायला क्षणभरही मिळत नाही. रुतलेला ट्रॅक्टर जोर करून काढू नये. आधी मागचे अवजार सोडावे आणि शक्य तर उलटा घेऊन बाहेर काढावा.

१२/ आणि १८६१ चे ते भांडण आजही चालू आहे. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना केजव्हील तसेच ठेवले, की गावचा डांबरी रस्ता ओरबाडला जातो. पण ते काढून पुन्हा बसवायला वेळ आणि माणसे लागतात, ट्रॅक्टर तासाच्या भाड्यावर असतो, पाऊस थांबत नाही आणि पऱ्हे वाढत असतात. चालकाला दोष देणे सोपे आहे. त्याच रस्त्याने त्याचे धान बाजारात जायचे आहे, हे त्यालाही ठाऊक असते.

१३/ दीडशे वर्षांत पकड वाढवण्याचे अनेक मार्ग सापडले. ती पकड झटपट उतरवण्याचा, लहान शेतकऱ्याला परवडणारा मार्ग अजून गावोगाव पोहोचलेला नाही. संशोधनाला विषय हवा असेल, तर तो या रस्त्यांवर उमटलेला आहे. आपल्या गावात या चाकांना काय म्हणतात, ती केव्हापासून दिसू लागली, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून खाली जरूर लिहा. अशा नोंदी दप्तरखान्यात सापडत नाहीत.