मनात भरलेली बॅट

श्रोतेहो, पेठसारख्या गावात गोल्फचं नाव काढलं तेव्हा पुढच्या ओळीत हसू फुटलं, ते आम्ही पाहिलं. हसा. पण बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना तुम्ही काय करता? दात बघता, खूर बघता, खांदा बघता, चालवून बघता. एवढं सगळं जमूनही एखादा बैल सोडून देता. का, तर 'मनात भरला नाही.' आज आपल्याला या 'मनात भरण्या'चाच विचार करायचा आहे.

गोल्फमध्ये चेंडू हळूच खळग्यात ढकलायला एक वेगळी काठी असते, तिला पटर म्हणतात. तिथे ताकद लागत नाही. चेंडू जागेवर, टाकणारा कोणी नाही. म्हणजे मनाला घाबरायला भरपूर वेळ! म्हणून पटर निवडताना माणसाचा स्वभाव उघडा पडतो.

बॉबी जोन्सनं १९३० साली त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. त्याच्या पटरचं नाव 'कॅलॅमिटी जेन'. जुना पटर झिजला तेव्हा, १९२६ च्या सुमारास, त्यानं तशाच घडणीचा दुसरा घेतला. बर्नहार्ड लँगर हा जर्मन खेळाडू याच्या उलट. छोटा फटका मारताना ऐनवेळी हात झटका देई, गोल्फवाले याला 'यिप्स' म्हणतात. त्यानं पकडी बदलून पाहिल्या, शेवटी छातीशी टेकवायचा लांब पटर घेतला. १ जानेवारी २०१६ पासून काठी अंगाला टेकवून मारायला बंदी आली. लँगरनं लांब पटर तरीही सोडला नाही, हात छातीपासून जरा दूर धरून तो खेळत राहिला. याला भित्रेपणा म्हणणारे आहेत. आम्हाला ते पटत नाही. स्वतःची भीती ओळखून तिची सोय लावणं हेही शहाणपणच.

आता आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. सचिन तेंडुलकर. लहानपणी तो मोठ्या भावाची, अजितची, बॅट घेऊन खेळे. पोराला ती जड, म्हणून त्यानं दांडा अगदी खाली धरला. पुढे पकड बदलायचा प्रयत्न झाला, पण जमेना, ती तशीच राहिली. वजनही राहिलं : तीन पौंडांच्या आसपास, बहुतेकांच्या बॅटीपेक्षा जड. हलकी घे, असं त्याला अनेकदा सुचवलं गेलं. त्यानं हलक्या बॅटी वापरूनही पाहिल्या; पण फटक्याची सारी लय त्या वजनावर बसलेली, हलकी बॅट हातात परकी वाटे.

विल्यम जेम्सनं १८९० साली मानसशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला, त्यात सवयीवर स्वतंत्र प्रकरण आहे. सवय म्हणजे शरीरात पडलेली पायवाट, असं आपण आपल्या भाषेत म्हणू. आपण निवडतो असं वाटतं, पण पुष्कळदा ती पायवाटच निवडत असते.

आणि पायवाटेची किंमतही मोजावी लागते. २००४ मध्ये सचिनचं कोपर दुखावलं, २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. बॅट धरता येईल की नाही, इथपर्यंत वेळ आली. आम्ही त्याच्या जागी असतो तर मुकाट्यानं हलकी बॅट घेतली असती. प्राध्यापकांचा स्वभाव पडला सावध. तो जड बॅटीकडेच परतला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ग्वाल्हेरला त्यानं एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० केल्या.