अकरावीचं बिऱ्हाड

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात दहावी झालेल्या मुलाला विचारा, ‘आता कुठे?’ तो म्हणतो, ‘कॉलेजला.’ जातो मात्र अकरावीत, म्हणजे कागदोपत्री शाळेतच. हा घोळ जुना आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मॅट्रिकची परीक्षा तेच घेई. शाळेतून बाहेर पडायचा दरवाजा कॉलेजवाल्यांच्या ताब्यात. १९४९ च्या सुमारास एसएससी बोर्ड आलं आणि किल्ली शाळाखात्याकडे गेली. (त्याच वर्षी ऑगस्टात कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं.) तरी १९६५ मध्ये तिथे चांदीबाई कॉलेज निघालं, तेव्हा मॅट्रिक होऊन येणारं पोर थेट विद्यापीठाचंच होई. पुढे कोठारी आयोगाचा १०+२+३ आराखडा महाराष्ट्राने १९७५ च्या सुमारास उचलला. अकरावी-बारावी बोर्डाकडे गेली, वर्ग मात्र पुष्कळ ठिकाणी कॉलेजच्याच इमारतीत भरत राहिले. बिऱ्हाड इथे, रेशनकार्ड भलतीकडचं!

अमेरिकेत उलटा प्रवास झाला. १९५५ पासून ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’मुळे कॉलेजच्या तोलाचा अभ्यास हायस्कुलात आला. पण त्याच्या विषयांच्या यादीत, उदाहरणार्थ, भूशास्त्र नाही. ते हवं तर शाळेने एखाद्या विद्यापीठाशी थेट सूत जुळवायचं आणि त्याचे श्रेयांक मुलाच्या नावे लावून घ्यायचे.

आपल्याकडे बारावी सायन्सला भूशास्त्र हा ऐच्छिक विषय आहेच. बालभारतीने अकरावीचं नवं पुस्तक २०१९ मध्ये काढलं, बारावीचं २०२० मध्ये. खडक, खनिजं, दख्खनचा लाव्हा, सगळं त्यात. पण हाच मुलगा बीएस्सीला गेला की पदवीच्या खात्यात त्या दोन वर्षांचं काहीच जमा नसतं. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळेच्या वर्षालाही १२०० तासांचे ४० श्रेयांक दिले, हे खरं. पण त्यात बारावीची पातळी ४ आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची ४.५. त्या अर्ध्या पायरीवर मला हसू येतं.

वालधुनीकाठी अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या बेसाल्टचं. एफवायचा मुलगा भिंग घेऊन त्यासमोर उभा राहिला तर श्रेयांक मोजले जातात. अकरावीचा उभा राहिला तर सहल.